लोकर

नात विचारते, आजोबा, हा कोट देऊन टाकू का कुणाला?
घालत तर नाही तुम्ही, आणि पाऊस झाला की वास मारतो.
मारतो खरा.
मेंढीचा आहे तो वास. बस जरा, सांगतो.

ब्र्नो शहरात, नदीलगतच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही चार खाणारी तोंडं आणि कमावती एक.
बोहुमिला. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी.
पहाटेच्या भोंग्याला गिरणीत,
रात्री केसांत लोकरीचे तंतू घेऊन घरी.
वडील पाठीचं दुखणं मांडीवर घेऊन खिडकीशी बसलेले,
आत्या योहाना पत्ते लावत.
शनिवारी ती पाकीट टेबलावर ठेवायची, न उघडता.
वडील मोजायचे. आई मोजायची. पुन्हा वडील.
ती उभीच. विचारायची, "पुरेल ना?"
हो म्हटल्याचं कुणी, मला आठवत नाही.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी भोंगा वाजला, ती उठली नाही.
आईने पांघरूण ओढलं.
खाली अजून एक पांघरूण निघालं,
पांढरं, दाट, श्वास घेणारं.
डोळे तेवढे तिचे होते.

रडारड गुरुवारपर्यंत चालली.
शुक्रवारी घरमालक येऊन गेला.
शनिवारी ती टेबलापाशी येऊन उभी राहिली,
खूर फळीवर घसरत होते, पण उभी राहिली,
मान खाली घालून, जणू पाकीट वाटेत हरवलं.
आत्या कात्री घेऊन आली.
म्हणाली, नुसती वाढतेय, वाया जाईल.

धरून ठेवावं लागलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो.
तिने स्वतःच कूस बदलली
आणि भादरून होईस्तोवर हलली नाही.
पहिल्या लोकरीत भाडं भागलं.
दुसरी जानेवारीत काढली, बाहेर नळ गोठलेले,
तिचा हा कोट झाला.
मी घड्याळजीच्या शाळेत जाणार होतो ना,
चारचौघांत बरं दिसायला हवं.
ती उघडी, गुलाबी, दाराशी थरथरत.
शेगडीजवळची जागा माझी होती.
सरक म्हणालं नाही कुणी मला. मीही सरकलो नाही.

बटाट्याची सालं टाकली तर आधी आमच्या ताटांत बघायची,
आहे ना सगळ्यांना, मग तोंड लावायची.
आणि ब्याँ करायची, हळू, शेवटाला सूर वर नेऊन.
मला कळायचं ती काय विचारते.
मी चाकं मोजत बसायचो,
शाळेत दिलेल्या जुन्या घड्याळाची.

मार्चमध्ये लोकर विरळ आली.
मग क्रोउपा नावाचा माणूस जिना चढून वर आला,
खांद्यावर काटा, कंबरेला चामड्याचा एप्रन.
कुणी तो शब्द उच्चारला नाही.
पावाचे भाव निघाले, सरपणाचे निघाले,
मग वडील म्हणाले, थोडं वर करा,
घरची आहे.

तिने ऐकलं.
उठली. पुढचे पाय फळीवर ठेवले, मग मागचे,
आणि काटा थांबावा म्हणून
श्वास रोखून उभी राहिली.
मी कंदील धरला होता. आकडा दिसावा म्हणून.
एवढंच केलं मी.
हात हलला नाही माझा, घड्याळजीचा हात.

क्रोउपाने आकडा सांगितला.
वडिलांनी आईकडे पाहिलं, आईने भिंतीकडे.
"पुरेल," वडील म्हणाले.

तिने मान वर केली, पहिल्यांदाच.
काय दिसलं त्या डोळ्यांत ते नको विचारू,
समाधान होतं गं.
तेच तर.

सत्तर वर्षं झाली, कसर लागली नाही या कोटाला.
बाहीवर हात फिरव, अजून तेलकट लागेल.
वडिलांची पाठ त्या उन्हाळ्यात बरी झाली,
ते पुढे खूप जगले, मीही जगतोय.
देऊन टाक म्हणतेस तर दे.
फुकट?
नाही, सहज विचारतो...
किती येतील याचे?